केळफुलाचं म्हणून वाढलं ते

निवृत्ती, ही गोष्ट मी दहा वर्षं टाळली. कुणी विषय काढला की मी दुसराच विषय काढायचो, नाहीतर हसण्यावारी न्यायचो, आणि अगदीच नाही जमलं तर उठून पायात चपला घालायचो. आता तुझ्या गावच्या भजनी मंडळाला तुझ्या आठवणींचा छोटा अंक काढायचा आहे. मंडळाचे अध्यक्ष नाशिक रोडला आमच्या घरी आले आणि म्हणाले, "दाजी, चार पानं तुम्ही लिहा. मेहुण्यावर तुमचा फार जीव." मी हो म्हणालो. जीव होता की नाही, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

तुझ्या दशक्रियेला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही मागं वळतो न वळतो तोच शिवला. लोक म्हणाले, "सुटला माणूस. काही मागं राहिलं नव्हतं त्याचं." तुझी ताई माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "राहिलं कसं नाही? माझ्या घरचा घास राहिला." मी नदीकडे बघत उभा राहिलो.

दहा वर्षं तू तुझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाहीस. का, ते तिला ठाऊक नव्हतं. तुला वाटायचं, तिला चांगलंच ठाऊक आहे. ह्या दोन्ही गोष्टी घरात फक्त मला माहीत होत्या. लिहायचं आहे ते एवढंच. पण एवढ्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, म्हणून अंदमानपासून सांगतो.

मी रिटायर झालो त्या वर्षीची, नव्व्याण्णवची दिवाळी उरकून आपण गेलो. तुझी बायको जाऊन वर्ष झालं होतं आणि तू मळ्याबाहेर पडतच नव्हतास. पहाटे फुलं तोडायची, बाजारात टाकायची, संध्याकाळी देवळात वीणा घेऊन उभं राहायचं. ताई म्हणाली, त्याला नेऊ या बरोबर. मी म्हणालो, "नेऊ की. पण तिथं समुद्र आहे, झेंडू नाही. करमेल का त्याला?" तू म्हणालास, "तुम्ही हाय ना दाजी. मग करमणुकीला काय कमी."

हे आपलं लग्नापासूनचं चाललेलं. जावयाला मेहुण्याची थट्टा करायची मोकळीक असते आणि मी ती हात सैल सोडून वापरली. तुझ्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेवरून, टोपीवरून, बोलण्यातल्या लय आणि नायवरून. तू कधी चिडला नाहीस. एकदाच म्हणालास, "दाजी, तुमी जलमभर कागद हलवले, आमी माती. बघू कुणाचं उगवतंय." सगळे माझ्यावर हसले. ते हसणं मी विसरलो नव्हतो, हेही आता सांगून टाकतो.

टूरवाल्यानं नाशिकहूनच आचारी बरोबर घेतला होता. समोर निळाशार समुद्र, नारळाची झाडं, आणि ताटात बटाट्याची भाजी, पिठलं, शिरा. तू खूश होतास. मला चीड यायची. इतक्या लांब येऊन पिठलंच खायचं होतं, तर घर काय वाईट होतं? आमच्या ग्रुपमधले चौघं जण माझ्यासारखेच खाणारे होते. आम्ही संध्याकाळी पाय मोकळे करायचं निमित्त काढून धक्क्याजवळ जायचो आणि कुपा, कोळंबी, खेकडा, मिळेल ते हाणायचो. तुला ठाऊक होतं. तू म्हणायचास, "जा जा. समुद्र मोकळा करून या." माळकरी होतास, पण दुसऱ्याच्या ताटाकडे तू कधी वाकडं बघितलं नाहीस. वाकडं बघायची सवय माझी.

तुझं अंदमान बघणं हीच एक बघण्यासारखी गोष्ट होती. समुद्रात पाय घालायच्या आधी वाकून पाण्याला हात लावलास आणि तो कपाळाला लावलास, गोदावरीला लावतोस तसा. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "अरे, ही गंगा नाही. ह्यात जहाजं तेल सांडतात." तू म्हणालास, "सांडू द्या. तिचं काय जातं?" सेल्युलर जेलमध्ये वाहायला तू मळ्यातली शेवंती ओल्या फडक्यात बांधून आणली होतीस. मद्रास येईतो ती काळी पडली. तरी तू टाकली नाहीस. त्या अंधाऱ्या कोठडीत ती ठेवलीस तेव्हा मी म्हणालो, "निवृत्ती, कैद्यांनी काय कमी सोसलं होतं, म्हणून आता हे?" चौघं हसले. तू हात जोडून उभाच होतास. तुला ऐकू गेलं की नाही कळलं नाही. गेलंच असेल.

बाकी सगळं तू शेतकऱ्याच्या नजरेनं बघायचास. सुपारीच्या बागेत शिरून माती चिमटीत धरून बघायची, शहाळं पिऊन झालं की फोडून मलई ताईला आधी द्यायची, कुणाच्या परड्यातलं बी मागून रुमालात बांधायचं. भाषा येत नव्हती, पण कुणी नाही म्हणालं नाही तुला. ताई त्या दिवसांत इतकी हसली, की मला वाटलं, लग्नात मी तिला बघितलंच नव्हतं नीट. भाऊ बरोबर असला की ती वेगळीच बाई असायची.

मग तो लहान बेटाचा दिवस आला. पोर्ट ब्लेअरहून बोटीनं जायचं होतं. बोटीवर गॅसचं सिलिंडर चढवू दिलं नाही, म्हणून आचारी मागं राहिला. दुपारचं जेवण बेटावरच, एका बंगाली बाईच्या पत्र्याच्या खानावळीत. बायका एका बाकावर बसल्या, पुरुष दुसऱ्या. ताईच्या बाकावर साधा भात, डाळ, भाजी गेली. तिला बोट लागली होती, तिनं चार घास कसेबसे खाल्ले. आमच्या बाकावर त्या बाईनं दोन थाळ्या आणल्या. दोन्हींत ब्रेडचा चुरा लावून तळलेले लांबट, तांबूस वडे. एकात मासळी, एकात केळफूल. बघून काही कळायचं नाही. म्हणून तिनं केळफुलाच्या थाळीत खाली केळीचं पान घातलं होतं. मला हिंदीत नीट समजावूनही सांगितलं, पान असलेलं त्या माळवाल्या दादांना द्या.

ती वळली आणि मी मासळीतले दोन वडे उचलून पानावर ठेवले. पानावरचे केळफुलाचे दोन्ही आमच्या थाळीत घेतले. कुणी सांगितलं नव्हतं. चौघांनी बघितलं आणि माना खाली घातल्या, हसू लपवायला.

तू हात धुऊन आलास. "दाजी, ह्यात काय नाय ना?"

"केळफुलाचं आहे. पान दिसत नाही का?"

"वास येतो वो जरा."

"समुद्राचा येतो. आता समुद्राला काय उदबत्ती लावू?"

तूही हसलास. वड्याचा तुकडा मोडून आधी बाजूला ठेवलास, देवाचा म्हणून. मग खाल्लास. "लय गोड हाय. आपल्याकडं केळफुलाची भाजी करत्यात, पण ही कला न्यारी." आणि दुसरा घेतलास. बाकावरून मान वळवून ताईला ओरडून म्हणालास, "ताई, हे शिकून घे. भाऊबीजेला हेच कर. मळ्यात केळफुलं काय कमी हायत?" ती म्हणाली, "करीन बाबा, आधी माझं डोकं फिरायचं थांबू दे."

जेवण झाल्यावर तू त्या बाईला हात जोडलेस. "माऊली, पोट भरलं." तिनं तुझ्या पानाकडे बघितलं, मग आमच्या थाळीत मोडून उरलेल्या केळफुलाच्या वड्यांकडे, मग माझ्याकडे. मी खिशात हात घालून बाहेर गेलो.

इथंच थांबलो असतो तर तुला कधी कळलं नसतं. मी थांबलो नाही, कारण थट्टा सांगितल्याशिवाय ती थट्टा होत नाही.

दुपारी काचेच्या तळाची बोट होती. बायका किनाऱ्यावरच सावलीत बसल्या. बोटीत आपण सगळे पुरुष. नावाडी बोट थांबवायचा आणि काचेखाली प्रवाळ दिसायचं, त्यात रंगीत मासे. तू गुडघ्यांवर बसून काचेला नाक लावलं होतंस. "दाजी, तो बघा झेंडू. आन् ही अस्टर. आरं, ही तर आपली पांढरी शेवंती चालली की! देवानं पाण्याखाली बी मळा केलाय."

मी म्हणालो, "त्याच मळ्यातले दोन दुपारी खाल्लेस की तू."

तू हसलास. मग चौघं हसले. त्यांच्या हसण्यावरून तुला कळलं की ही गोष्ट खरी आहे. तू काचेवरून तोंड उचललंस. मला वाटलं, शिवी देशील, कानफटात मारशील. तसं केलं असतंस तर बरं झालं असतं. तू हळूच विचारलंस, "ताईला ठाऊक हाय?"

मी म्हणालो, "सगळ्यांना ठाऊक होतं. एक तू सोडून."

"ताईला?"

"तिला तर सगळ्यांच्या आधी. तिनंच सुचवलं."

निवृत्ती, हे मी का म्हणालो, ते मी दहा वर्षं शोधतो आहे. त्यात चलाखी नव्हती, बेत नव्हता. तुझी नजर माझ्या एकट्यावर होती आणि ती मला पेलेना. कुणीतरी दुसरं हवं होतं शेजारी उभं करायला, आणि तुला जी सगळ्यांत जवळची होती तिलाच मी ओढलं. शिवाय चौघं अजून हसत होते. हसणाऱ्यांना आणखी थोडं द्यावंसं वाटतं माणसाला.

किनाऱ्याला लागलो. ताईनं पिशवीतून लाडवाचा डबा काढला. "घे रे, तुझ्या आवडीचे बेसनाचे." तू तिच्या तोंडाकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "नको." ती म्हणाली, "का? केळफुलानं पोट भरलं वाटतं?" तिच्या लेखी ती साधी चेष्टा होती. तुझा चेहरा मी बघितला. तिच्या तोंडचं प्रत्येक साधं वाक्य त्या दिवसापासून तुला टोचायला लागलं, आणि ती बिचारी बोलतच राहिली.

परतीच्या बोटीत तू कडेला जाऊन उभा राहिलास. पोर्ट ब्लेअरला उतरलो तेव्हा तुझा गळा मोकळा होता. ताई घाबरली. "अरे, माळ कुठाय?" तू म्हणालास, "तुटली. पडली पाण्यात." ती म्हणाली, "गावी गेल्यावर महाराजांकडून दुसरी घालून घे." तू म्हणालास, "बघू."

तू घातली नाहीस. वीणाही परत घेतली नाहीस. देवळात मागं खांबाला टेकून बसायचास आणि भजन संपायच्या आधी उठायचास. गावात झालं, अंदमानला गेला आणि बिघडला. दाजीच्या नादानं खायला-प्यायला लागला. कुणीतरी तुझं नावच अंदमान पाडलं. "काय अंदमान, आज काय बेत? सुकट का बोंबील?" बैलपोळ्याला पारावर माझ्या देखत एकानं असं विचारलं. मी हसलो, आणि वर म्हणालो, "समुद्राचं पाणी लागलं मेहुण्याला." मंडळातल्या जुन्या माणसांनी हे वाचावं आणि नीट वाचावं: निवृत्तीनं माळ खाण्या-पिण्यासाठी टाकली नव्हती. ती मी काढायला लावली.

पहिल्या भाऊबीजेला ताईनं खरंच केळफुलाचे वडे केले. दोन दिवस चिरून, ताकात घालून, काळे हात करून. तू आलास, पाटावर बसलास, ओवाळून घेतलंस, साडी दिलीस. ताट समोर आलं. तू वड्यांकडे बघितलंस आणि उठलास. "उपास हाय." ती म्हणाली, "भाऊबीजेला कसला रे उपास?" तू म्हणालास, "तुला ठाऊक हाय कसला ते." ती माझ्याकडे बघायला लागली. मी रेडिओचा आवाज वाढवला.

त्यानंतर दर वर्षी तू यायचास. ओवाळून घ्यायचास, साडी द्यायचास आणि कोरडा जायचास. ती दर वर्षी काहीतरी करायची, मांडे, पुरणपोळी, काहीच नाही तर शिरा. मग तिनं करणं सोडलं. मला विचारायची, "मी काय केलं हो? शहरात राहते म्हणून? आईच्या आजारपणात उशिरा पोचले म्हणून?" स्वतःची एकेक चूक काढून बघायची, तांदळातले खडे काढावेत तशी. मी म्हणायचो, "म्हातारा होत चाललाय. विक्षिप्त झालाय."

त्सुनामी आली त्या आठवड्यात तुझा फोन आला. मी उचलला. "दाजी, टीव्हीवर दाखवत्यात. ती बाई असंल का वो? खानावळवाली?" मला वाटलं, टोमणा मारतोयस. मी म्हणालो, "असेल की. वडे तळत असेल." तू तिकडचा टीव्ही बंद केलास. मग म्हणालास, "तिनं पान घातलं होतं, दाजी. तिनं आपल्याकडून चूक होऊ दिली नव्हती." तुला पानाचं सगळं समजलेलं होतं. फोन ठेवल्यावर ताईनं विचारलं, कुणाचा होता. मी सांगितलं, राँग नंबर.

आणि माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा? बाजार उरकून तू सकाळीच दवाखान्यात यायचास, सुनेनं केलेली मऊ खिचडी घेऊन. माझा हात थरथरायचा म्हणून चमच्यानं भरवायचास. तुझ्या घरचं मी पोटभर खाल्लं, निवृत्ती, आणि तू माझ्या घरचं पाणी घेत नव्हतास. एका सकाळी मी धीर करून म्हणालो, "महाराजांकडे जा एकदा. नकळत झालेल्याचा दोष नसतो. तेच सांगतील तुला." तू चमचा वाटीत ठेवलास.

"खाल्लं त्याचं काय नाय, दाजी. ते तुमच्या खाती. पण मला गोड लागलं. दुसराही घेतला. त्याचं कुणाला सांगू?"

मी म्हणालो, "जीभ आहे. जिभेला काय कळतं?"

"मग जिभेनं देवाचं नाव तरी कशाला घ्यावं?"

हा वाद आपला अर्धाच राहिला.  पण त्या सकाळी वादात न पडता ताईबद्दलचं ते एक वाक्य सांगायला हवं होतं. तू माझं तोंड पुसत होतास. मी डोळे मिटून घेतले आणि झोपल्याचं सोंग केलं.

शेवटच्या आठवड्यात आम्ही तुझ्याकडे आलो. तुझं बोलणं बंद होतं, पण माणसं ओळखत होतास. ताईनं तांदळाची पेज केली होती, तुझ्याच चुलीवर, तुझ्याच तांदळाची. चमचा तुझ्या ओठांपाशी नेला. "बाळा, एवढं तरी घे. मी आहे." तू तिच्याकडे बघितलंस. डोळ्यांत पाणी होतं तुझ्या, आणि ओठ तू घट्ट मिटलेस. पेज हनुवटीवरून ओघळली. ताई म्हणाली, "बघा हो. मरणाच्या दारातसुद्धा."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तिला ठाऊक नव्हतं, हे तीन शब्द. तुला ऐकू येत होतं. सून होती, मुलगा होता, शेजारचे दोघं होते. त्या सगळ्यांसमोर मी कोण ठरलो असतो, एवढाच विचार माझ्या मनात आला. मी म्हणालो, "रिक्षा मिळते का बघतो," आणि बाहेर आलो. रिक्षा दारातच उभी होती.

इथवर लिहून झाल्यावर, अध्यक्षांकडे द्यायच्या आधी मी काल सकाळी ताईला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. काचेच्या बोटीपर्यंत तिचे हात चालू होते, मग थांबले. पूर्ण ऐकलं. रडली नाही. मी म्हणालो, "काहीतरी बोल."

ती म्हणाली, "मला कशाला सांगता? त्याला सांगायचं होतं."

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"तो असताना चुकलं होतं. आता नुसतं लिहिलंय." मेथीची ताटली घेऊन ती आत गेली. दुपारी तिनं माझं ताट वाढलं, झाकून ठेवलं आणि स्वतः न जेवता मागच्या खोलीत जाऊन पडली. आज सकाळीही तेच. माझ्याशी बोलत नाही. अध्यक्षांना मात्र तिनंच फोन केला आणि सांगितलं की लेख तयार आहे, एक शब्द कमी न करता छापा.

म्हणून आता जे तुझ्या पलंगापाशी म्हणायचं होतं, ते इथं म्हणतो. ते तुझ्यापर्यंत पोचणार नाही, हे मला कळतं. निवृत्ती, तुझ्या ताईला काहीही ठाऊक नव्हतं. तिनं काही सुचवलं नव्हतं. ती दुसऱ्या बाकावर मळमळत बसली होती आणि घरी गेल्यावर तुला काय करून घालायचं ते ठरवत होती. मी खोटं बोललो. माझं चुकलं, बाबा. मला माफ कर.